मोठ्या जबड्याची जमात

६ एप्रिल, रविवार
काचीगुड्याच्या मराठी मंडळात माझं व्याख्यान ठरलं! 'प्राचीन हवामान आणि माणसाची घडण.' २७ तारीख, संध्याकाळी पाच. जन्मात पहिल्यांदा कुणी मला स्टेजवर बोलावलंय. बोलावलं म्हणजे, सेक्रेटरी प्रतापरावांच्या मागे मी वर्षभर हात धुऊन लागलो होतो. संकल्प: बोलायचं ते शुद्ध मराठीत. इंग्लिश, तेलुगू, दखनी एक शब्द नाही. हॉल फुल्ल झाला पाहिजे.

प्रतापरावांनी विचारलं, अर्ध्या तासात आटपेल ना? का विचारलं असेल? लक्षात ठेवतो.

९ एप्रिल
तयारी जोरात. मुद्दा असा: लाखो वर्षांपूर्वी आफ्रिकेत हवामान सारखं पलटत होतं. कधी तळी तुडुंब, कधी ठणठणाट. जंगल आटलं, गवताळ माळ पसरले. अशात मिळेल ते खाऊन, मिळेल तिथं राहून ज्यांनी निभावलं ते टिकले. एक मोठ्या जबड्याची जमात होती, ती आपलं ठरावीक गवतच चघळत बसली. संपली. इथं टाळ्या.

सकाळी त्रिवेणीला हे म्हणून दाखवलं. ती पेसरट्टू, म्हणजे इथले मुगाचे डोसे, वाढत होती. म्हटलं, मला सकाळी भाकरीच लागते, पस्तीस वर्षं झाली लग्नाला, अजून कळलं नाही का? ती माझ्या जबड्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. दाढी नीट झाली नसेल.

१३ एप्रिल
त्रिवेणी फोनवर तेलुगूत बोलत होती. मी दिसताच आवाज खाली. मला तेलुगू येत नाही. जन्म इथलाच, नल्लकुंट्यातला, तरी नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. पण 'लेक्चर' आणि 'भामा' एवढं पकडलं. भामा ही प्रतापरावांची बायको. म्हणजे मुद्दे फुटतायत, आणि तेही घरातून! प्रतापराव माझ्या आधी कुठंतरी ठोकून देणार. बंदोबस्त: उद्यापासून सराव बाथरूममध्ये, नळ सोडून.

१४ एप्रिल
बिल्डिंगची टाकी रिकामी झाली. खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन ओरडून गेले. नाहक परेशानी. त्रिवेणी म्हणाली, बाहेरच बोला, तसंही मला सगळं पाठ झालंय. पाठ! आरोपीनं स्वतःहून कबुली दिली.

१९ एप्रिल
मंडळाच्या ग्रुपवर मेसेज. २७ लाच, त्याच हॉलमध्ये, चैत्रगौरीचं हळदीकुंकू. आंब्याची डाळ आणि पन्हं. कट उघडा पडला!

लगेच प्रतापरावांना फोन लावला. म्हणे, अहो, त्रिवेणीताईंनीच सुचवलं. हळदीकुंकवाला बायका येतात, बायकांमागे पोरं आणि नवरे येतात. मागच्या व्याख्यानाला मी आणि वॉचमन दोघंच होतो. कसं बेमालूम रचलंय बघा. त्रिवेणीला विचारलं तर तीसुद्धा तेच म्हणाली, तुमच्यासाठीच केलं हो. दोघांची जबानी शब्दाला शब्द जुळते. संशय पक्का.

२६ एप्रिल
त्रिवेणीला बजावलं: शेवटचं वाक्य संपेपर्यंत डाळ नाही, पन्हं नाही. प्रतापराव पहिल्या रांगेत हवेत, माझ्या नजरेखाली. भाषणाचे कागद उशीखाली ठेवलेत. उद्या कळेल सगळ्यांना.

२८ एप्रिल, सोमवार
लिहावंसं वाटत नाही. पण हॉल फुल्ल होता, हे आधी लिहितो.

'आदिम मानवाचे पर्यावरणीय अनुकूलन' इथवर आलो आणि करंट गेला. पंखे बंद, माइक बंद. आत नुसती भट्टी. बायका पदरानं वारा घेत उठल्या, पाठोपाठ पोरं, पाठोपाठ नवरे, सगळे बाहेर कडुनिंबाखाली. पन्ह्याचं पातेलंही गेलं. पाणी आणि सावली हलली की माणसं कशी हलतात, हाच माझा पुढचा मुद्दा होता. तो मी रिकाम्या खुर्च्यांना पूर्ण सांगितला.

एकटे प्रतापराव पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसून होते. मला भरून आलं. या देवमाणसावर मी संशय घेतला! जवळ जाऊन हात जोडले. ते म्हणाले, जोडू नका, हात द्या. गुडघा धरलाय, केव्हाचा उठायला बघतोय.

त्यांना धरून बाहेर आणलं. झाडाखाली सगळे गोल करून बसलेले. मधोमध त्रिवेणी. माझंच व्याख्यान सांगत होती, जरा मराठी, जरा तेलुगू, जरा दखनी. मोठ्या जबड्याच्या जमातीपर्यंत आली होती. शेजारच्या मीनाच्या पोरीनं विचारलं, फिर क्या हुआ आंटी? त्रिवेणी म्हणाली, होना क्या, हमना एकीच चीज होना, दुसरा कुछ नक्को बोलके अडके बैठे, खतम हो गए.

टाळ्या पडल्या. मी लिहून ठेवलं होतं बरोब्बर तिथंच. मग भामावहिनींनी हळूच माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या मागून सगळ्यांनीच.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. त्रिवेणीनं माझ्यासाठी पन्ह्याचा एक ग्लास झाकून ठेवला होता. तिथंच उभ्यानं प्यायलो.

२९ एप्रिल
ग्रुपवर मेसेज: लोकाग्रहास्तव पुढच्या महिन्यात तोच विषय, वक्त्या सौ. त्रिवेणी. खाली प्रतापरावांनी मला विचारलंय, पन्ह्याचं तुम्ही बघाल का? हो कळवलं.

सकाळी पेसरट्टू होता. मुकाट्यानं दोन खाल्ले.