पद्मिनीताईच्या गोळ्या

लेटरकेनी,
आयर्लंड, १८ जानेवारी २०२१

चि. आशिष,
अ. उ. आ.

नोव्हेंबरात कोविड होऊन गेला, पण थकवा जात नाही. स्क्रीनकडे पाहिलं की गरगरतं, फोनवर मधेच विषय निसटतो, म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नकोस, डॉक्टरचंच आहे.

काल वॉर्डात एका पेशंटला पुन्हा पुन्हा नाव विचारलं. सल्ब्युटियामिन म्हणून गोळी असते, बी-वन व्हिटॅमिनपासून केलेली. थकव्यावर, स्मरणशक्तीसाठी घेतात. मीही घेते आहे; सुरुवातीला तरतरी आली. आता दुप्पट घेऊनही उपयोग नाही, झोप मात्र उडाली. संपत आल्यात. तुझ्या पत्त्यावर मागवून पाठव. नोकरी गेली तर इथे राहणार कशी? आईला कळवू नकोस.

तुम्हां नवरा-बायकोवर माया आहेच.
तुझी ताई

डून लेरी,
२८ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

गोळ्या आल्या. किचनच्या कपाटात वरच्या फळीवर आहेत, पाठवणार नाही. तुझ्या पेशंटने मनानेच डोस दुप्पट केला असता तर केवढी ओरडली असतीस! फोनवर 'ग्रँड, ठीक आहे रे' म्हणतेस आणि तीच गोष्ट दोनदा सांगतेस. केतकीही म्हणते, ताईंनी आधी रजा घ्यावी. माझ्यावर रागाव, पण ऐक.

लोभ आटू देऊ नकोस.
आशिष

लेटरकेनी,
२ फेब्रुवारी

आशिष,

काल एका आजोबांच्या चार्टवर इन्सुलिन लिहिलं, चारच्या जागी चाळीस. नर्स हळूच म्हणाली, डॉक्टर, पुन्हा वाचा. वाचलं, तरी मला चूक दिसेना; तिनेच बोट ठेवून दाखवली. मग मीच कन्सल्टंटना जाऊन सांगितलं. त्यांनी घरी पाठवलं. गाडीत बसले, तर घराचा रस्ता आठवेना. नर्सनेच सोडलं.

त्या गोळ्या पाठव रे. मोठी असून तुझ्या पाया पडते.

पद्मिनी

डून लेरी,
५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

फोनवर सांगितलंच आहे, तरी कागदावर असू दे: सोमवारी मी येतोय. गोळ्या केतकीने फार्मसीत नष्ट करायला दिल्या. तू बरी होईपर्यंत मी तिथूनच काम करीन.

लॉकडाऊनमुळे पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी आहे. वाटेत गार्डांनी, म्हणजे पोलिसांनी, अडवलं तर काय सांगायचं, ते केतकीसमोर म्हणून पाहिलं: माझी बहीण आजारी आहे. एवढंच म्हणालो आणि बॅग भरायला घेतली.

दार उघड, इतकाच लोभ पुरे.
आशिष