बल्ब लावून पाहिलेल्या बॅटरीबाबत

मी डोमाजी संपत तायडे, वय अदमासे अडुसष्ट, शिक्षण चौथी, धंदा बॅटऱ्या भरणे व जुन्या बॅटऱ्यांची खरेदी-विक्री, राहणार बार्शीटाकळी, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. लिहायला उशीर झाला, माफी असावी. कागद दोन वर्षे आणून ठेवला होता, पण लिहिले की मरण लवकर येते असे मनात येई. माझे डोके ठिकाणावर आहे. माझी बायको जाईबाई हिला तसे वाटत नाही, म्हणून तिला साक्षीदार केलेले नाही.

१. राहते घर जाईबाईचे. मुलगा धर्मपाल सरकारी नोकरीत आहे. त्याने घर विकू नये; पावसाळ्याआधी छपरावरचे कवेलू तेवढे फेरून द्यावेत.

२. शिडी माझे साळे मोतीराम यांना. ती नऊ वर्षे त्यांच्याकडेच आहे. मोडलेली पायरी आता त्यांनीच बसवावी.

३. दुकान, बॅटरीतले तेजाब मोजायची काचेची नळी आणि मोटारीचा बल्ब मुलगी शकुन हिला. याचे कारण सांगणे भाग आहे.

जुनी बॅटरी मी तार टेकवून ठिणगीवर पारखत असे. ठिणगी मोठी उडाली की गिऱ्हाईक खूश, मीही खूश. शकुन मात्र बल्ब लावून बसायची. अर्धा तास उजेड टिकला तर बॅटरी चांगली, लाल पडला तर गेलेली. १९६१ च्या बुद्धजयंतीला सभेच्या भोंग्यासाठी बॅटरी द्यायची होती. ती म्हणाली, "बाबा, हे नोका देऊ. बल्ब लाल पडून राहिला." मी चारचौघांत तिला गप्प केले आणि तीच बॅटरी दिली. आमचे पुढारी भगवंतराव भाषणाला उभे राहिले, "बंधू आणि भगिनींनो" म्हणाले, आणि भोंगा बंद. महिनाभर पाठ केलेले भाषण त्यांनी ओरडून पुरे केले. पुढे चार दिवस घसा बसला. ते चार दिवस गावाला बरे गेले, पण तो मुद्दा वेगळा.

लोक अंगावर आले तेव्हा मी म्हणालो, पोरीने बल्ब लावून बॅटरी खाल्ली. हे खोटे होते. एवढ्या बल्बाने चांगली बॅटरी संपत नाही. शकुनने बल्ब काढून फळीवर ठेवला. पुढच्या साली तिचे लग्न झाले. माहेरी येते, पण दुकानात पाय ठेवत नाही.

हे कलम साक्षीदारांना वाचून दाखवले. भगवंतराव म्हणाले, "म्हंजे पोरगी खरी होती? मंग तिले आताच सांग ना, डोमाजी. तू मेल्यावर ते पोरगी माफ करन, अन् सांगन कोनाले?"

म्हणून याची नक्कल आजच शकुनला टपालाने पाठवत आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, कोणी भरीस घातले नाही.

सही: डोमाजी संपत तायडे
साक्षीदार: भगवंतराव तेलगोटे, नत्थुजी वानखडे
मुक्काम बार्शीटाकळी, ता. ९ फेब्रुवारी १९६४

शकुनला, मुक्काम धामणगाव रेल्वे: बाई, दुकान नको असेल तर नको घेऊ, बळजबरी नाही. मृत्युपत्राचे नाव पाहून घाबरू नको, मी अजून आहे. रागाचे असले तरी चालेल, पण एक कार्ड टाक. लवकर टाक.