साहेब खरं सांगतात का?

दि. ६ जानेवारी

ती. दादास ठकीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वहिनीची खांदेदुखी कमी झाली हे वाचून बरं वाटलं. आता तिला वरच्या फळीवरचे डबे काढायला लावू नकोस, उंची तुला दिली आहे देवाने.

माझ्याकडे सध्या कागदांचा डोंगर आहे. आमच्या कार्यालयाची देशभरची पाहणी संपली. चोवीस हजार घरी आमची माणसं जाऊन आली. विषय ऐकून हसशील. शाळा, दवाखाना, पोलीस, न्यायालय, पाणी अशा संस्थांच्या प्रमुखांविषयी लोकांना काय वाटतं, हे विचारायचं. साहेब लोकांना खरं सांगतात का? नेहमी, बरेचदा, क्वचित की कधीच नाही? आणि शेवटी, असं का वाटतं? या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं लोकांच्याच शब्दांत उतरवलेली आहेत. ती वाचून प्रत्येकाला ठरलेल्या यादीतला एक आकडा द्यायचा, हे माझं काम. चष्म्याचा नंबर वाढणार बहुतेक.

तुझं गावही यादीत आहे. म्हणजे पाणीपुरवठ्याचे साहेब, माझे दादा, परीक्षेला बसलेत! लहानपणी माझी प्रगतिपुस्तकं तू आधी उघडायचास, लक्षात आहे ना?

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
ठकी

दि. १३ जानेवारी

चि. ठकीस अनेक उ. आशीर्वाद.

पत्र वाचून तुझ्या वहिनीला हसू आलं, मला नाही. परवा मुख्य अभियंत्यांचा फोन आला होता. म्हणाले, यंदा बढत्यांच्या वेळी या पाहणीचे आकडे समोर ठेवणार आहेत. तेव्हापासून कचेरीत सगळे माझ्याकडे पेपर तपासून आल्यासारखे बघतात. माझ्या कारकुनाचं म्हणणं, साहेब, आधी कळलं असतं तर चार घरी सांगून ठेवलं असतं. त्याला मी झापला. पण खरं सांगू? झापताना आवाजात जोर नव्हता.

बावीस वर्षं झाली मला या खात्यात. दर आठवड्याला पाण्याची तपासणी होते. शुद्धीकरण केंद्रातून बाटल्या भरून जातात, अहवाल येतो, मी वाचून सही करतो. एकही अहवाल वाईट नाही. पाणी स्वच्छ आहे असं मी छापून सांगतो ते त्या कागदांच्या जोरावर. मग घाबरायचं कशाला? तरीही, आकडे तुझ्याच टेबलावर आहेत, तर भावाला एवढं कळव, पास की नापास? एका शब्दात लिही. कागद वाचून फाडून टाकीन.

जेवणखाण वेळेवर करत जा. आमचा जीव तुझ्यात आहे हे विसरू नकोस.

तुझा,
दादा

दि. २० जानेवारी

ती. दादास शि. सा. नमस्कार. वि. वि.

पास की नापास, हे मी सांगणार नाही. रुजू होताना शपथेवर सही केली आहे की कुणाच्या घरात काय बोललं गेलं ते या खोलीबाहेर जाणार नाही. त्या शब्दावर लोक आम्हाला दार उघडतात.

पण एक विचारते. विचारण्याचाही अधिकार मला नाही. त्या तपासणीच्या बाटल्या फक्त केंद्रातच भरतात का रे? शेवटच्या नळावर कधी भरतात? तू स्वतः वाहिनीच्या टोकापर्यंत शेवटचा कधी गेलास? गाडी न घेता, गळ्यात ओळखपत्र न घालता?

पूर्वेकडच्या टोकाला जा. पत्र हाती पडेल त्या दिवशी जा. फोन केला असता, पण कचेरीत आधी कारकून उचलतो आणि घरी केला तर तू पास की नापास हेच विचारत बसशील. जलद टपालाने पाठवते आहे.

याहून जास्त विचारू नकोस. रागावलास तरी चालेल, पण जा.

ठकी

दि. २३ जानेवारी

चि. ठकीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एका शब्दाचं उत्तर मागितलं तर तू मला माझं काम शिकवलंस. मी साहेब झालो तेव्हा तू शाळेत होतीस. चोवीस हजार घरांचे कागद चाळले म्हणजे पाण्याची वाहिनी कळते असं नाही. पूर्वेकडची वस्ती गेली दहा वर्षं तक्रारी करते आहे, कधी दाब कमी, कधी वास. तिथे माणूस पाठवला की म्हणे, आता ठीक आहे.

म्हणजे मी नापास आहे, हे तू न सांगता सांगितलंसच. आभारी आहे. एवढंच की सख्ख्या बहिणीने परक्या माणसासारखं आडून बोलावं याचं वाईट वाटलं.

बाकी सर्व ठीक.

दादा

दि. २९ जानेवारी

प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

हे पत्र मी यांना न विचारता लिहिते आहे. तुम्हाला ते रागाचं पत्र टाकून हे घरी आले आणि बूटसुद्धा न काढता बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी जुना सदरा घातला आणि बसने पूर्वेकडच्या वस्तीत गेले. गाडी दारात उभी.

तिथे एक शिवणकाम करणाऱ्या आजी आहेत. त्यांना हे मीटर वाचणारे वाटले. यांनी पाणी मागितलं, तर आजींनी तांब्या पुढे न करता हात धरून नळापाशी नेलं आणि वास घ्यायला लावला. म्हणाल्या, आमची नात कावीळ होऊन आठ दिवस दवाखान्यात पडली आहे आणि तो वरचा साहेब छापून सांगतो पाणी स्वच्छ आहे, एकदा समोर आला ना, तर ह्याच नळाखाली बसवीन त्याला. यांनी मान खाली घालून ऐकलं. मीच तो, हे सांगायचं धाडस झालं नाही, असं मला म्हणाले.

पाण्याची बाटली भरून आणली. ती टेबलावर ठेवून बसले, पानावर वाढलेलं तसंच राहिलं. दोन दिवसांनी तपासणीत निघालं की पाण्यात गटाराचं पाणी मिसळतंय. पुलाखाली वाहिनी फुटली आहे, कधीची कोण जाणे. मुख्य अभियंत्यांनी फोनवर बजावलं की गुपचूप दुरुस्त करा, पाहणीचे आकडे जाहीर होईपर्यंत अवाक्षर काढू नका. यांनी फोन ठेवला, स्वतः जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, टँकर सोडले आणि कर्णा लावलेल्या गाडीत बसले. मी स्वयंपाकघरात होते. रस्त्यावरून यांचाच आवाज आला, नळाचं पाणी पिऊ नका, मी तपासलं नव्हतं, चूक माझी आहे. चार वेळा आमच्या रस्त्यावरून गाडी गेली आणि चारही वेळा माझ्या हातातलं काम थांबलं.

काल लेखी खुलासा मागवला आहे. पुढे काय होईल माहीत नाही. तुम्ही दोन ओळी लिहा त्यांना. स्वतःहून लिहायला ते लाजतात.

तुमची,
वहिनी

दि. ५ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. नमस्कार. वि. वि.

वहिनीचं पत्र आलं. आता सांगायला हरकत नाही, कारण आमच्या संचालिकाबाईंनीच ते आरोग्य खात्याला कळवलं आहे. तुझ्या गावातली ऐंशी घरं आमच्याकडे होती. त्यांतल्या पूर्वेकडच्या सहा घरांनी शेवटच्या प्रश्नाला जवळजवळ एकच उत्तर दिलं होतं, पाण्याला वास येतो, पोरं आजारी पडतात, साहेब म्हणतात सगळं ठीक आहे. 'साहेब खोटं बोलतात' याला आमच्या यादीत आकडा आहे. 'पोरं आजारी पडतात' याला नव्हता. मी त्या कागदांवर हात ठेवून बसले होते.

बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, आज सरकारला एका घराचं बोलणं दिलं, तर उद्या कुणी दार उघडणार नाही. त्यांचं चुकत नव्हतं. घरं न सांगता फक्त वस्ती कळवायला वरून परवानगी काढावी लागते, त्याला दोन आठवडे लागले. मला तेवढा दम निघाला नाही म्हणून तुला लिहिलं. आणि माझ्या पत्रामुळे तुला त्या सहा घरांपैकी कुणाचं नाव कळेल का, या भीतीने रोज झोपेतून दचकून उठले.

काल मी बाईंना जाऊन तुला लिहिल्याचं सगळं सांगितलं. त्यांनी मला या पाहणीवरून काढलं. छपाई विभागात टाकलं आहे. बोलताना त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, पण निर्णय बदलला नाही. मीही बदला असं म्हटलं नाही.

आडून बोलले, खरंच आहे. समोरून बोलायची सोय नव्हती रे. आजींची नात कशी आहे ते कळव. राग गेला असेल तर कळव, नसेल तरी कळव.

तुझी,
ठकी

दि. ११ एप्रिल

चि. ठकीस अनेक उ. आशीर्वाद.

राग कधीचा गेला. लिहायला बसलो की लाज आडवी यायची, म्हणून उशीर. आजींची नात घरी आली आहे, शाळेत जाते. आजींना मी कोण ते जाऊन सांगितलं. त्यांनी हातातलं शिवण बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, तेव्हाच का नाही सांगितलंस?

तुमचा अहवाल आला. ऐंशीपैकी नऊ घरांना मी खरं सांगतो असं वाटतं. देशात आपलं गाव तळाशी. मुख्य अभियंत्यांनी सुचवलं की ऐंशी घरं फार थोडी आहेत, आकडा मान्य नाही असं लिहून द्या. मी लिहिलं की घरं थोडी आहेत हे खरं, म्हणून मी आणखी चाळीस घरी स्वतः जाऊन आलो, आणि ऐंशी घरांनी बरंच सौम्य सांगितलं होतं असं माझं मत झालं आहे. बढती गेली. चौकशी चालू आहे, तोवर खुर्ची आहे. बाटल्या आता चौदा ठिकाणी भरतात.

गेल्या सोमवारी पूर्वेकडची नवी वाहिनी सुरू केली. वस्ती गोळा झाली होती. तपासणीचा कागद मी मोठ्याने वाचला, कुणी हललं नाही. मग मी नळाखाली ओंजळ धरली आणि पोटभर प्यायलो. तरी कुणी पुढे आलं नाही. हळूहळू सगळे आपापल्या घरी गेले. चुकीचं काही केलं नाही त्यांनी.

मंगळवारी सकाळी सातला मी पुन्हा तिथे जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळाने एक बाई बादली घेऊन आल्या. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, काल प्यायलात, पोट बरं आहे ना? मी म्हटलं, बरं आहे. त्यांनी बादली नळाखाली धरली आणि अर्धी भरली.

अर्धीच. उद्या पुन्हा जातो आहे.

सुट्टी मिळाली की ये. तुझी वहिनी वाट बघते, मीही बघतो.

तुझा,
दादा