आण्णांच्या फियाटनं गिळलेली हळकुंडं

सिडको, छत्रपती संभाजीनगर

तीर्थस्वरूप बद्रीनाथदादास,

धाकट्या राजनंदिनीचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण कंबर निम्म्यातच अडली.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनी सकाळी फिरायला जातात का, की अजून बूट पसंत करणंच चाललंय? इकडं आई ठणठणीत, मीही. पत्र एवढ्यासाठीच, की फोनवर तू "मुद्द्याचं बोल" म्हणून मला मधेच तोडतोस. कागदाला ते जमत नाही.

तू बजावलं होतंस, महिनाअखेरच्या रविवारी नाशिकचं गिऱ्हाईक येईल. आण्णांची फियाट त्याच्यासमोर सुरू झाली तर तो नेईल, नाही तर भंगारवाला. हे ऐकून आई दोन दिवस धड जेवली नाही. पण तू थोरला, तुझा शब्द मोडायचा कसा, म्हणून मी आण्णांच्या वेळच्या मोईनमिस्त्रीला बोलावलं.

अठरा वर्षं पत्र्याच्या शेडमधे उभी गाडी. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, आत पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, "बाई, ये इंजन है या किराना दुकान?" कार्बोरेटर तांदळानं गच्च! आता नीट ऐक. आण्णा गेल्यावर तू मोठ्या हौसेनं एअर फिल्टर आणि एक प्लग काढून नेलास, नवे आणतो म्हणून. (अजून येतायत. वाटेत ट्रॅफिक असेल.) त्यांची भोकं उघडी राहिली. आणि आपल्या मातोश्री दर दसऱ्याला गाडी पूजणार. लोक चाकाला कुंकू लावून मोकळे होतात, आईचं म्हणणं, "जीव आत असतोय, पत्रा पूजून काय उपेग?" म्हणून बॉनेट उघडायचं (उघडून मीच द्यायचे, कुठं बोलू नकोस), अक्षता कार्बोरेटरवर आणि हळकुंड प्लगच्या भोकात. ते अलगद आत जायचं. आई हात जोडायची, "घेतलं बाई गाडीनं!" अठरा दसरे, अठरा हळकुंडं.

मिस्त्रीला तांदूळ दिसले, हळकुंडं कशी दिसणार? आणि मला सांगायची लाज वाटली. त्यानं बिचाऱ्यानं इंजिन जाम झालंय समजून आत ऑइल सोडलं, लोणच्यासारखं आठ दिवस मुरू दिलं आणि मग हँडल मारलं. आत असं कडाडलं की मिस्त्री खालीच बसला; पिस्टन गेला म्हणाला. तेव्हा मी सगळं कबूल केलं. त्यानं कपाळावर हात मारला, इंजिनचं हेड उतरवलं आणि तेलात मुरलेली हळकुंडं चिमट्यानं काढून पेपरवर मांडली. आईनं मोजली. सोळाच भरली. बाकीची दोन कुठं गेली म्हणून तिनं मिस्त्रीकडं जे पाहिलं, ते मी पाहिलं.

टाकी धुतली, प्लग, फिल्टर, बॅटरी नवी टाकली, शुक्रवारी सकाळी चावी फिरवली. चारदा नुसती खोकली, पाचव्यांदा धडाडली, आणि त्या दोन हळकुंडांचा पत्ता लागला. सायलेन्सरमधून पिवळाधमक भपकारा निघाला तो थेट शेजारच्या सुलेखावहिनींच्या वाळत घातलेल्या चादरींवर! वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. गल्ली मात्र विचारत्येय, हळद कुणाची म्हणून.

आवाज ऐकून आई आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं. आण्णा लासूरच्या मोंढ्यातला धान्यबाजार उरकून परतले, गाडी गल्लीत वळली, की ठेवायची तसंच. दादा, मी स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडले. मिस्त्री सायलेन्सर बघायच्या निमित्तानं वाकला तो लवकर उठलाच नाही.

पण नशीब बघ! रविवारी गिऱ्हाईक आलं, मी चावी फिरवली, गाडी ढिम्म. त्यानं फिरवली, त्याच्या ड्रायव्हरनं फिरवली, तासभर दोघं घामाघूम. मिस्त्री म्हणाला, "बुढी गाडी है साब, मूड की बात है." गिऱ्हाईक हात झटकून गेलं. मला फार वाईट वाटलं, शपथ. (कुणाची, ते विचारू नकोस.) आता असल्या गाडीला भंगारवाला तरी काय हात लावणार? तेव्हा विकायचा नाद सोड. वहिनींना नमस्कार.

तुझी आज्ञाधारक बहीण,
राजनंदिनी

ता. क. : प्लगांना करंट वाटून देणाऱ्या डबीत बोटाएवढा एक रोटर असतो. तो काढून घेतला की गाडी ब्रह्मदेवाच्या बापालाही सुरू होत नाही. रविवारी तो आईच्या पानाच्या बटव्यात होता, आणि आई गिऱ्हाइकाला आणखी पोहे घ्या म्हणून आग्रह करत होती. कल्पना माझी नाही. तिचीच.

आणखी एक : सोबत मालकी बदलायचे कागद आहेत. आण्णांनी गाडी तुझ्या नावावर केली होती, ती आता माझ्या नावावर कर. फुल्या मारल्यात तिथं सह्या कर, बाकीचं मी भरते. काल आईला खुलताबादपर्यंत फिरवून आणलं. घाटात म्हणते कशी, "लई हळू चालवतीस. ह्यांनी आत्तापतूर पोचवलं असतं."

हे शेवटचं : आई म्हणते, आठ दिवसांत सह्या आल्या नाय तर आपणच याच गाडीनं पुण्याला जाऊ आणि घेऊन येऊ. चालवणार मी. मला रिव्हर्स अजून जमत नाही, तेव्हा तुझ्या पार्किंगमधे एकदा तोंड घालून शिरलो की परत निघणं आमच्या हातात नाही.