हात लावू नये

प्रिय अहो,

पत्र मिळालं. पहिल्या ओळीत माझी खुशाली विचारलीत, दुसरीत तुमच्या त्या पाण्याच्या बंदुकांची, आणि तिथून पुढचं दीड पान नुसत्या बंदुकाच. तेव्हा आधी तुमचा जीव भांड्यात पडू दे. बंदुका आहेत. एकही हरवली नाही, कपाटाची काच स्वच्छ आहे, आणि ज्या क्रमानं तुम्ही मांडून गेलात त्याच क्रमानं उभ्या आहेत. मायना वाचून हसू नका. इतक्या वर्षांत तुम्हाला कधी नावानं हाक मारली नाही, ती आता मारून तुमचे लाड कशाला करू?

बडं गिऱ्हाईक मिळालंय, सगळा संग्रह एकरकमी घेणार आहे, आणि सगळं मुळातलं आहे असा तुम्ही शब्द देऊन बसला आहात, असं लिहिलंत. तो माणूस येईल तेव्हा मी कपाट उघडून द्यायचं आणि बाजूला उभं राहायचं. तोवर कशालाही हात लावायचा नाही, त्याखाली दोनदा रेघ. घर सोडलंत तेव्हा तुम्ही सूट नेलेत, इस्त्री नेलीत, माझी चांगली छत्रीसुद्धा नेलीत. बंदुका तेवढ्या राहिल्या, कारण आगगाड्यावालीच्या घरात जागा नव्हती. तिला मी आगगाड्यावालीच म्हणते. पत्र्याच्या खेळण्यातल्या आगगाड्या जमवणारी, तुमच्या छंदाची कदर असणारी, म्हणजे जी मला कधीच नव्हती. दारात बूट चढवताना तुम्ही म्हणालात, राहू दे ते सगळं तुलाच, काय करायचं ते कर. घाईत बोललात, पण मी नीट ऐकलं होतं.

कदर नव्हती हे मात्र खोटं. मला पाठ होतं सगळं. रोज जेवताना तुमचं व्याख्यान असायचं आणि वाढणारी जागची हलू शकत नाही. कुठली बंदूक कुठल्या साली निघाली, कुणाचा चाप लाल आणि कुणाचा पिवळा. बंदूक चालत नसली तरी चालेल, पण मुळातली हवी. आतलं रबर मूळचं, स्प्रिंग मूळची, स्क्रू मूळचे. एकदा का ती उघडली की संपलं, जाणकार माणूस तिच्याकडे ढुंकून बघणार नाही. हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलंत की आमटीबरोबर माझ्या रक्तात उतरलं. आणि लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून कपाचा कान तुटला म्हणून मी कायमची धसमुसळी ठरले. चारचौघांत सुद्धा. धसमुसळीला कपाटाची किल्ली कशी द्यायची?

मी ते गिळलं. माझ्यापुरतं होतं तोवर गिळलं. पण आपली लेक नुकतीच अक्षरं जुळवायला लागली होती, तेव्हाची ती दुपार तुम्हाला आठवते का? मला वाटतं, नसेल आठवत. घर भट्टीसारखं तापलं होतं. किल्ली कपाटालाच राहिली होती. तिनं ती हिरवी बंदूक काढली, न्हाणीत जाऊन नळाखाली भरली आणि चाप ओढला. जुनं प्लॅस्टिक ते, कटकन मोडलं. एक थेंबसुद्धा उडाला नाही. तुम्ही तिला मारलं नाहीत, हे लोकांना अजून अभिमानानं सांगता. मारलं असतंत तर बरं झालं असतं, पोर रडून मोकळी झाली असती. तुम्ही तिच्याशी बोलणंच सोडलंत. ती ताटावर येऊन बसली की तुम्ही ताट उचलून बाहेरच्या खोलीत जायचात. आणि कपाटाच्या काचेवर कागद चिकटवलात, तुमच्या सुबक अक्षरात: हात लावू नये. आपल्या लेकीनं आयुष्यात स्वतःहून वाचलेलं पहिलं वाक्य ते आहे. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. एकेक अक्षर लावत तिनं ते वाचलं आणि मग दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. ती सवय तिला आजतागायत आहे. एवढी मोठी झाली, चार माणसं हाताखाली आहेत, पण दुकानात शिरली की हात पाठीमागे. तिच्या कामावरचे लोक म्हणतात, काय रुबाबात चालते. मला माहीत आहे तो कसला रुबाब आहे.

तुम्ही गेल्यावर पुष्कळ दिवस मी त्या कपाटाकडे पाठ करून वावरले. मग एकदा हातोडी घेतली. उगाच साळसूदपणा करत नाही, फोडायलाच घेतली होती. त्या हिरवीपासून सुरुवात करायची ठरवलं. पण म्हटलं, फोडण्याआधी बघावं तरी, पोटच्या पोरीहून जास्त असं आत आहे काय. स्क्रू काढले, दोन्ही फाका अलग केल्या. आत होता बोटाएवढा दट्ट्या, त्यावर तडकलेली रबराची कडी, गंजकी स्प्रिंग आणि क्षारानं बुजलेली नळी. बस. एवढ्यासाठी. मी तिथेच जमिनीवर बसले आणि मला असा काही राग आला की हातोडी त्याला कमी पडली असती. फोडलेल्या बंदुकीसाठी तुम्ही हळहळला असतात, आगगाड्यावालीनं पाठीवरून हात फिरवला असता. मला ते सुख तुम्हाला द्यायचं नव्हतं. मी ठरवलं, दुरुस्त करायची. एकूण एक.

पहिली माझ्याच हातानं बिघडली. नवी कडी बसवली आणि दट्ट्या सरकावा म्हणून व्हॅसलीन चोपडलं. आठवड्यानं रबर फुगून बसलं, दट्ट्या जागचा हलेना. नळ दुरुस्त करणाऱ्याला दाखवली, तर तो पोट धरून हसला. रबराला ते चालत नाही, सिलिकॉनचं ग्रीस लागतं, असं म्हणून त्यानंच डबी दिली. मग जमत गेलं. नळ्या व्हिनेगरमध्ये भिजवायच्या. शिवणीतून गळत असेल तर पातळ गोंद काडीनं भरायचा. स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवायचा, तो जुन्या आट्यात टक्‌ करून उतरतो, मगच आवळायचा, नाहीतर प्लॅस्टिक चिरतं. धसमुसळीच्या हातून एकही चिरलं नाही. हिरवीच्या मोडक्या चापाच्या जागी पत्र्याचा नवा कापून बसवला. आणि स्क्रू मुद्दाम नवे घातले, पितळेचे, चकचकीत. दारातून दिसावेत असे.

परवा लेक आली होती. हिरवी तिच्यापुढे धरली, तर हात पाठीमागे. मी तशीच धरून उभी राहिले. बऱ्याच वेळानं तिनं एक हात पुढे केला. कपाटाच्या काचेवर तुमचा कागद समोरच होता. तिनं नेम धरला आणि चाप ओढला. अहो, अशी काही चिळकांडी गेली, सरळ अक्षरांवर. मग दुसरी, मग लाल नळीवाली, मग ती दाब भरायची मोठी. आम्ही दोघींनी बाहेरची खोली न्हाऊन काढली. तुमची खुर्ची चिंब केली. ती हसत होती, लहानपणी हसायची राहून गेली होती तसं. मी रडले, पण ते तुमच्यासाठी नव्हतं, तसा गैरसमज नको.

तुमचं गिऱ्हाईक आज सकाळी येऊन गेलं. सज्जन माणूस, पांढरे हातमोजे घालून आला होता. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी कपाट उघडलं आणि बाजूला उभी राहिले. त्यानं एक बंदूक उलटी केली, स्क्रू बघितले, जागेवर ठेवली. दुसरी बघितली. तिसरीपर्यंत त्याचा चेहरा पडला. तुमच्या शब्दाबद्दल तो जे बोलला ते तुम्हाला तोच कळवणार आहे, ते त्याच्याच तोंडून ऐका. आता बंदुका लेकीकडे जातील, तिच्या गल्लीत पोरं पुष्कळ आहेत. तुमच्यावर मात्र अन्याय करायचा नाही मला. तुम्हाला मुळातलं हवं होतं ना? म्हणून हे पत्र एका बरणीला बांधून पाठवते आहे. त्यात सगळं आहे, गंजके स्क्रू, वाकड्या स्प्रिंगा, तडकलेली रबरं, मोडका हिरवा चाप. सगळं मूळचं, एकालाही पॉलिश केलेलं नाही. बरणीवर तुमचा तो कागदही चिकटवला आहे. शाई थोडी फुटली आहे, पण वाचता येतं.

तुमचीच,
धसमुसळी