जीच्या रॅकवरचं खोकं

पार्सिपनी, ११ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
शोभनाचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं विचारू नकोस. फोनवर मी रडले असते आणि तू 'अगं बोल की' म्हणून ओरडला असतास. आधी खुर्चीत बैस. आपल्या अनिलच्या खुनाच्या पुराव्याचं खोकं सापडलं!

छत्तीस वर्षं पोलिसांनी काय ऐकवलं? वझलवार नावाचं इथे काहीच नाही. परवा ज्ञानदा माझी जुनी ट्रंक उपसत होती. त्यात अनिलची नागपूरची मार्कशीट निघाली. तर पोरगी विचारते, मामाचं आडनाव सगळ्यात आधी का लिहिलंय? म्हटलं, आपल्याकडची रीतच ती: आडनाव, नाव, मग वडिलांचं नाव. ती तशीच उठली, गाडी काढून ठाण्यावर गेली आणि तिथल्या बाईंना तळघरातलं 'जी'चं रॅक बघायला लावलं. तिथे होतं, दादा! 'गुरुनाथ' नावाने. आत मी विणलेला मोरपंखी स्वेटर. कॉलरवर रक्ताचे डाग आहेत. एखादा डाग मारणाऱ्याचाही असेल म्हणून तपासायला पाठवलाय.

गोळ्या वेळेवर घे. लोभ आहेच, तो पुरवून पुरवून वापर.

तुझी,
शोभना


फ्रीमाँट, १९ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. शोभनास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद झाला म्हणू की तोंड लपवू? अगं, ठाण्यात अनिलच्या कपड्यांसोबतचा फॉर्म मीच भरला होता. अनिलला हॉस्पिटलात तसा बघून आलो होतो, डोकं ठिकाणावर नव्हतं. शाळेपासूनची सवय, आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं लिहून मोकळा झालो. त्यांनी शेवटचा शब्द आडनाव धरला. म्हणजे माझ्याच हस्ताक्षराने मी भावाला इतकी वर्षं गाडून ठेवलं. बाबा दर पत्रात विचारायचे, सापडले का रे मारेकरी? विचारता विचारताच गेले.

संग्राम इंग्रजीत माझी समजूत घालतो. बापाला ती लागू पडत नाही, हे त्याला कोण सांगणार? तुम्ही मायलेकी पुढचं बघा. मला कोर्टाबिर्टात ओढू नका.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र टाकायचं थांबवू नकोस.

तुझा,
नंदूदादा


पार्सिपनी, ३ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पुरे झालं हं तुझं आता! अनिलला मारणारा माणूस पकडला गेला तरी तू घरात तोंड लपवून बसलायस. कॉलरवरच्या रक्ताचा डीएनए त्याच्याशी जुळला, ते त्याच्या नाकातलं. म्हणजे आपल्या अनिलने मरता मरता त्याचं नाक फोडलं होतं, शाब्बास रे पठ्ठ्या! त्याच्या तेव्हाच्या मित्रानेही कबूल केलंय की त्या संध्याकाळी दोघे बॅट घेऊन, दिसेल त्या इंडियनला ठोकायचं म्हणून निघाले होते. अनिलचं नावसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. ते वाचून माझं अंग जळलं.

आता त्याचा वकील म्हणतोय, हे खोकं कुणा गुरुनाथचं, अनिलचं नव्हेच. तो फॉर्म माझ्या हातचा, असं सांगणारा माणूस जगात एकच उरलाय. तू आला नाहीस तर तो हसत हसत घरी जाईल.

आणि एक ऐक. 'व्ही'चं अख्खं रॅक मधल्या एका पुरात भिजलं नि कचऱ्यात गेलं. तू शहाण्यासारखा फॉर्म भरला असतास, तर आज आपल्या हाती चिंधीही लागली नसती. तेव्हा मुकाट्याने तिकीट काढ, आणि तिकिटावर तरी नाव नीट घाल.

उकडीचे मोदक करीन. लोभापायी नाही तर मोदकांपायी ये.

तुझी,
शोभना


पार्सिपनी, ९ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दोषी! दोषी! दोषी! सगळ्या आरोपांत दोषी! ज्ञानदाने तुला फोनवर सांगितलंच, पण मला माझ्या हाताने लिहायचंय. शिक्षा डिसेंबरात सुनावतील. तो खाली मान घालून बसला होता. मी मात्र ताठ उभी राहिले, गुडघा गेला खड्ड्यात.

तू साक्ष देऊन विमानात बसलास, तुला काय कळणार तू काय केलंस! सख्ख्या भावाचं नाव कुणी उलटं लिहितं का, असं त्या वकिलाने कुत्सितपणे विचारलं. तू म्हणालास, उलटं नाही साहेब, आमच्यात पुढे घराणं चालतं आणि पाठीशी बाप उभा असतो. मग तिथेच कागदावर स्वतःचं नाव तसंच लिहून दिलंस. तेच ते 'जी'चं लांबलचक शेपूट, ज्यासाठी मास्तरांचा मार खायचास! ज्यूरीतल्या एका आजीबाई दोन्ही कागद शेजारी धरून केवढा वेळ बघत होत्या.

घरी येऊन साखर वाटली. अमेरिकन शेजारणीलाही दिली, ती बिचारी चहात घालू का म्हणून विचारत होती. मग बाबांच्या फोटोसमोर बसले आणि पोटभर रडले, सुखाने.

आता स्वतःला दोष देशील तर याद राख. बाबा शेवटी म्हणायचे ना, परक्या मुलखात माझ्या पोरापाशी कुणीच नव्हतं रे. होतं, दादा. एवढी वर्षं त्या तळघरात आपला अनिल बाबांच्याच नावाखाली होता.

तुझ्या लोभाची आणि तुझ्या चुकीचीही ऋणी,

वझलवार शोभना गुरुनाथ