ओळ क्रमांक ३४० आणि मंगळवारची सौना

मी, इर्या सुओमेला, वय एकोणऐंशी, राहणार केमी, जिना ब, तिसरा मजला, कागद गिरणीतून निवृत्त झालेली संगणक दुरुस्तीवाली, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि दोन कप कॉफी पोटात गेल्यावर लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी बुद्धिबळ खेळून पाहावे, अर्थात मी असेपर्यंत. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम एक. माझी सदनिका आणि बँकेत असेल नसेल ते माझी भाची सिनिक्का हिला मिळावे. अट एकच. खोक्यांवर मी चिठ्ठ्या लावल्या आहेत, त्या वाचल्याशिवाय एकही खोके कचऱ्यात टाकू नये. "मावशी, या तारांचं तू करणार तरी काय गं?" असे ती गेली वीस वर्षे विचारते आहे. आता काय करायचे ते तिने ठरवावे.

कलम दोन. सन दोन हजारच्या जानेवारीत आमच्या गृहसंस्थेने मला जे सन्मानपत्र दिले, ते चौकटीसह संस्थेला परत करावे. ते मी फसवून मिळवले आहे.

झाले असे. तळघरातल्या सौनाची, म्हणजे घरोघरी तास वाटून दिलेल्या वाफेच्या न्हाणीघराची, शेगडी कोणत्या दिवशी किती वाजता पेटवायची, हे १९९१ पासून माझा संगणक ठरवतो. गिरणीने भंगारात काढलेला तो मी हातगाडीवरून आणला, प्रोग्राम स्वतः लिहिला आणि वर्षासाठी दोनच आकड्यांची जागा ठेवली. तेव्हा यंत्रात जागा कमी होती आणि माझ्यात दूरदृष्टी. दोन हजार साल जवळ आले तसे सगळे घाबरले. वर्षाच्या जागी दोन शून्ये आली की यंत्र वार चुकणार आणि शनिवारवाले कुडकुडत बसणार. मी आठ दिवस तळघराचे दार लावून घेतले. पहिल्या दिवशी पाच मिनिटे काम केले, उरलेले सात दिवस विणकाम. अठ्ठावीस वर्षांनी तारखा आणि वार पुन्हा जसेच्या तसे जुळतात, म्हणून दोन हजारऐवजी मी ७२ टाइप केले. बस्स. वर आले तर केक तयार होता.

म्हणून यंत्राच्या लेखी आज १९९७ साल चालू आहे. जो कोणी यापुढे ते सांभाळेल त्याने ९९ पर्यंत जावे आणि २०२८ उजाडले की पुन्हा ७२ टाकावे. पुढची अठ्ठावीस वर्षे निघतील. केकची अपेक्षा ठेवू नये.

कलम तीन. माझी सोल्डरिंग गन मला आमच्या इमारतीचा रखवालदार ओइवा नीस्कानेन याला द्यायची होती. पण तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकीलबाईंनी बजावले. म्हणून ती मी त्याला गेल्या गुरुवारीच देऊन टाकली. कायदा आपल्या जागी आणि ओइवा आपल्या जागी.

कलम चार. हे कलम माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या ताइस्तो रेनकोला याच्यासाठी आहे. लांब आहे, त्याने बसून वाचावे. आणि चष्मा लावावा, उगाच तरुणपणा दाखवू नये.

ताइस्तो, १९९१ च्या वार्षिक सभेत तू सगळ्यांसमोर काय म्हणालास ते तुला आठवत नसेल. मला आठवते. "इर्याबाईंचं ते डबडं सौनाला लावा म्हणजे झालं! निम्मे गोठून मरू, निम्मे शिजून!" सगळे हसले. तुझी बायको केर्त्तूसुद्धा हसली. मी घरी आले आणि प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. ओळ क्रमांक ३४०. मंगळवार असेल तर शेगडी पस्तीस मिनिटे उशिरा पेटव.

मंगळवारी पाचचा पहिला तास तुमचा होता. दुसऱ्यांना पंच्याऐंशी अंश मिळायचे, तुम्हाला जेमतेम साठ. मला वाटले, महिन्याभरात तू तक्रार घेऊन माझ्या दाराशी येशील आणि मी तुला माफी मागायला लावीन. पण तू पडलास पक्का इथला गडी. सौना गार लागली असे कबूल करण्यापेक्षा बर्फात जाऊन झोपला असतास. दर मंगळवारी टॉवेल खांद्यावर टाकून जिना चढायचास आणि माझ्या नाकावर टिच्चून म्हणायचास, "वाफ काय झकास होती आज!" चौतीस वर्षे. माझा किती तिळपापड झाला ते मी इथे लिहीत नाही, जागा पुरणार नाही.

मग तीन वर्षांपूर्वी केर्त्तू गेली. अंत्यविधीनंतर कॉफीला तू माझ्या शेजारी बसलास आणि कपाकडे बघत बोलायला लागलास. "डॉक्टरांनी ब्याण्णवलाच सांगितलं होतं गं. हृदय कमजोर, कडक सौना बंद. मुलाच्या तळ्याकाठच्या घरी ती बिचारी बाहेर पायरीवर बसून राहायची. पण आपल्या इथे मंगळवारी यायची आत. वरच्या बाकावर, माझ्या शेजारी. तीस वर्षं बसली. मंगळवारी तुझं डबडं आजारी असतं, इर्या. कुणाला बोललो नाही. म्हटलं, कुणी दुरुस्त केलं तर?"

माझ्या हातातला केक तसाच राहिला. करायला गेले एक आणि झाले भलतेच. मी तुझा सूड घेत होते आणि तिकडे तुमचा संसार शेकत होता.

त्या संध्याकाळी मी तळघरात गेले. आपल्या त्या यंत्रात ओळीचा नुसता आकडा लिहून एंटर दाबले की ती ओळ पुसली जाते. मी ३४० लिहिले. बोट एंटरवर ठेवले. दाबवले नाही. ओळ मी द्वेषाने लिहिली होती खरी, पण आता ती माझी राहिली नव्हती. ती केर्त्तूची होती. मी आकडा खोडला आणि वर येऊन खूप रडले. हे तोंडाने सांगायचा धीर मला तेव्हा झाला नाही, अजूनही होत नाही. मला क्षमा कर, ताइस्तो. माझी नियत वाईट होती.

गेल्या वर्षी आपला व्यवस्थापक यार्नो नवीन यंत्र घेऊन सभेत आला. "काका, आता फोनवरून सौना तापते." तू काठी आपटलीस. "तापते रे. पण फोनवरून चुकते का? डबडं राहील!" लोकांना वाटले म्हाताऱ्याचे डोके फिरले. तुला काय वाचवायचे होते ते मला एकटीला कळत होते, आणि मी आपली छताकडे बघत बसले.

तर माझ्यामागे ते यंत्र, फ्लॉप्या आणि तळघराची किल्ली तुझी. तू घेतले नाहीस तर यार्नो ते पहिल्याच आठवड्यात भंगारात काढील. थंडीत सुरू करण्याआधी मागच्या जाळीतून दहा मिनिटे केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा दे. तरी नाही उठले तर डाव्या बाजूला तळहाताने एक थाप मार. एकच. रागाने नको. वर्ष कोणते टाकायचे ते कलम दोनमध्ये आहे. ३४० ठेवायची की पुसायची ते तू ठरव. पुसलीस तर फ्लॉपीवर साठवायला विसरू नकोस, नाहीतर सकाळी परत येईल. मंगळवारच्या यादीत यंत्र अजून "ताइस्तो आणि केर्त्तू" असेच छापते. ते नाव काढायला मला कोणी सांगितले नाही, आणि १९९७ सालात ते बरोबरच आहे.

माझा शनिवारचा सहाचा तासही तुला. सौनाचा तास मृत्युपत्राने देता येत नाही, प्रतीक्षा यादीप्रमाणे जातो, हे मला ठाऊक आहे. यादी यंत्रात आहे. काल तुझे नाव दुसरे होते, आज पहिले आहे. शनिवारी पूर्ण पंच्याऐंशी अंश मिळतील. एवढ्या वर्षांनी झेपतील का ते बघ. नाही झेपले तर जिन्यात वाफेची तारीफ कर, आम्हाला सवय आहे.

कलम पाच. ताइस्तो, रविवारपासून तू माझ्याशी बोलत नाहीस. सहीला मी ग्रंथालयातल्या हिल्काला बोलावले, तुला नाही, म्हणून. "पस्तीस वर्षांचा शेजार, आणि दोन अक्षरं खरडायलासुद्धा मी चालत नाही?" असे म्हणून तू दार आपटलेस. माझी खिडकी हादरली.

कलम तीन पुन्हा वाच.

इर्या सुओमेला (सही)

आम्ही दोघे एकाच वेळी हजर होतो. इर्याबाईंनी हे आपले मृत्युपत्र असल्याचे सांगून आमच्यासमोर सही केली. आतला मजकूर त्यांनी हाताने झाकून धरला होता.

साक्षीदार : हिल्का अलातालो, ग्रंथपाल (सही)
साक्षीदार : ओइवा नीस्कानेन, रखवालदार (सही)

ठिकाण : केमी
यंत्राने छापलेली तारीख : मंगळवार, १४ ऑक्टोबर १९९७
वर्ष खोडून हाताने : २०२५. वार बरोबर आहे.